काठी टेकली की हुकूम

कोसमटोल्याच्या कोतवालाचा आवाज असा होता की त्यानं गावाच्या खालच्या टोकाला तोंड उघडलं की वरच्या टोकाच्या बायका चुलीवरचं भांडं उतरवून दाराशी यायच्या. इस्तारी त्याचं नाव. पण त्या नावानं हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. 'कोतवाल आला', 'कोतवालाले बोलवा', 'कोतवालाच्या घरामागून गाय गेली', बस, एवढंच. बायको मरून बरीच वर्षं झालेली. एकुलती पोरगी, मंगली, वैनगंगेच्या पलीकडं दिलेली. घर गावाच्या शेवटी, त्याच्यापुढं नुसता मोह अन् पळस. दिवसभर लोकांच्या दारोदार हिंडायचं आणि संध्याकाळी आपल्या दाराशी 'आलास का' म्हणायला कोणी नाही, असं त्याचं जिणं. वाईट वाटायचं त्याला, खूप वाटायचं. पण सांगणार कोणाला?

कोतवालकी त्याच्या घराण्यातच. साहेब आला की सामान वाहायचं, मेलं-जन्मलं कळवायचं, रात्रीची गस्त घालायची आणि मुनादी द्यायची. मुनादी म्हणजे गळ्यात डफडं अडकवून चौकाचौकांत वाजवायचं, लोक गोळा झाले की ओरडायचं, "ऐका होऽ, सरकारचा हुकूम हाय," आणि पुढं जो निरोप असेल तो. ओरडला की झालं. मग त्या निरोपावर शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

निरोप घेण्याची रीत मोठी मजेशीर होती. मजेशीर कसली, संताप येईल अशी. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, होती तेव्हा निरोप घेऊन यायचे मालगुजाराचे दिवाणजी. दिवाणजी सोवळ्याचे. कोतवालाची सावली अंगावर पडली तर घरी जाऊन आंघोळ करणारे. म्हणून ते लांब उभे राहायचे, हातातली काठी पुढं करून तिचं टोक डफड्यावर टेकवायचे आणि तोंड दुसरीकडं फिरवून निरोप सांगायचे. काठी टेकली की ते बोलणं मालगुजाराचं. कोतवालानं उलट विचारायचं नाही. विचारलंच, तर ती काठी डफड्यावरून पाठीवर यायला कितीसा वेळ! इस्तारीच्या बापानं त्याला लहानपणी हेच शिकवलं होतं. काठी टेकली की हुकूम. काठी पाहायची, माणूस पाहायचा नाही.

मग मालगुजारी गेली. दिवाणजी आपलं चंबूगबाळं उचलून नागपूरकडं निघून गेले. सगळं गेलं, काठीची रीत तेवढी मागं राहिली. ती काढून न्यायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि पूर्वी मालक होता एक, आता झाले ढीगभर. पाटील, पटवारी, तहसिलीचा चपराशी, जंगलचा नाकेदार, नवीन पंचायतीचा मेंबर. ज्याला जे सांगायचं असेल तो येणार, डफड्यावर काहीतरी टेकवणार, आणि इस्तारी ओरडणार, "सरकारचा हुकूम हाय!" कोणी छत्री टेकवायचा, कोणी बांबूची कांब. देवीची लस टोचणारा तर सायकलचा पंप टेकवायचा. हसू येतं ना? इस्तारीला येत नसे. त्याला वाटायचं, आपल्या बापानं घालून दिलेलं काम आपण बिनचूक करतो आहोत.

या गावात त्याला माणूस म्हणून ओळखणारी एकच जागा होती. तलावाची पाळ. पाळीखाली मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं होती, आणि त्यात कुंताबाईचं. कुंताबाई इस्तारीपेक्षा चार-पाच पावसाळे मोठी, विधवा, अंगानं काटकुळी पण तोंडानं तिखट. नवऱ्यामागं त्याचा डोंगा तीच चालवायची, जाळंही तीच टाकायची. ढिवरांतल्या म्हाताऱ्यांना ते काही रुचत नसे, पण तिच्यापुढं बोलणार कोण! संध्याकाळी इस्तारी पाळीवरून घरी निघाला की ती खालूनच ओरडायची, "इस्तारी, काऊन पळून राह्यला गा? बस जराशीक."

तो बसायचा. ती पळसाच्या पानात मासे गुंडाळून द्यायची. तेही वरून सोडून, त्याच्या हाताला आपला हात लागू न देता. तेवढी शिवाशिव तिच्यातही होती, खोटं कशाला सांगा. पण ती बोलायची. मंगलीचं काय चाललंय, गुडघा दुखतो का, कण्या कशाशी खाल्ल्या. त्यानं मान हलवली की म्हणायची, "एवढा मोठा तुहा आवाज, अन् आपल्यासाठी मीठ मांगाले तोंड उघडत नाईस! कसा माणूस हायेस रे बापा!" आणि तो हसायचा. गावात त्याला हसताना पाहिलेलं दुसरं कोणी नसेल. त्या अर्ध्या घटकेच्या जोरावर तो पुढचा दिवस काढायचा. ही बाई पाळीवर आहे तोवर आपणही या गावात आहोत, असं त्याला वाटे, आणि त्याचं खरंच होतं.

मालगुजारी जाऊन दोन-तीन सालं झाली असतील. कार्तिकाचे दिवस. धान कापणीला आलेलं, तलाव काठोकाठ भरलेला. सकाळी इस्तारी डफडं विस्तवावर शेकत बसला होता, तर सोमाजी आला. सोमाजी म्हणजे गावातला साधा कास्तकार. ना पाटील, ना पंच. पण पाटलाच्या ओट्यावर त्याची ऊठबस होती, आणि कधीमधी पाटील निरोप घेऊन त्यालाच पाठवायचे. त्याच्या हातात तुतारी होती, बैल हाकायची खिळ्याची काठी. त्यानं ती पुढं केली, डफड्यावर टेकवली, आणि अगदी दिवाणजीसारखं तोंड बाजूला फिरवून म्हणाला, "दुसरा हुकूम होईपर्यंत तलावात कोणी जाळं टाकाचं नाई. डोंगा पाण्यात घालाचा नाई."

इस्तारीला पाळीखालची घरं आठवली. पण काठी टेकलेली होती. त्यानं विचारलं नाही.

गावभर ओरडून झाल्यावर शेवटी तो पाळीवर गेला. डफडं वाजलं तशी ढिवरांची घरं बाहेर आली. "ऐका होऽ, सरकारचा हुकूम हाय..." ऐकून सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तलाव बंद म्हणजे त्यांची चूल बंद. कुंताबाई पाळ चढून वर आली. थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"खरंच का, इस्तारी? कोणाचा हुकूम होय हा? कायले बंद केला?"

त्याला माहीत नव्हतं. 'मले माईत नाई बाई, सोमाजीनं सांगितलं,' एवढं म्हणता आलं असतं. पण गळ्यात डफडं होतं, चाळीस डोळे लागलेले होते, आणि बापाची शिकवण हाडात मुरलेली.

"हुकूम हाय बाई," तो म्हणाला आणि वाजवत पुढं निघून गेला.

आता या हुकमाच्या पाठीमागं काय होतं म्हणाल, तर सोमाजीचे इवाई! पोरीच्या सासरची माणसं चार दिवसांनी जेवायला येणार होती. सोमाजीला त्यांच्या ताटात या तलावाची हातभर मरळ वाढायची होती, आणि ढिवर रोज जाळी टाकत होते. मोठा मासा आपल्यासाठी उरेल कसा, ही त्याची चिंता. बस. एवढ्यासाठी त्यानं तुतारी टेकवली. रात्री गुपचूप गळ टाकून त्यानं मरळ धरली, इवाई आले, ती खाल्ली, मिशा पुसत परत गेले. सोमाजीला वाटलं होतं, नंतर पुन्हा तुतारी टेकवू आणि तलाव खुला करून टाकू. पण त्याच दिवशी गावात नाकेदार आला आणि मुनादीचं ऐकून म्हणाला, "बरोबर हाय, तलावाचा हुकूम निघालाच असंन." ते ऐकून सोमाजीची पाचावर धारण बसली. नाकेदारासमोर सरकारचा हुकूम मागं घ्यायला हा कोण? तो गप्प बसला. गप्प तो गप्पच.

आणि मग जे झालं ते आपल्याकडंच होऊ शकतं. पाटील गुणवंतरावांना वाटलं, हुकूम तहसिलीतून आला. पटवाऱ्याला वाटलं, जंगल खात्याचा असेल. नाकेदाराला वाटलं, पंचायतीनं काढला. पंचायतीचा मेंबर म्हणाला, आपल्याला न विचारता पाटलानं काढला, असू दे. हुकूम कोणाचाच नव्हता, म्हणून प्रत्येकाला तो दुसऱ्याचा वाटला, आणि प्रत्येकजण तो पाळायला लावत होता. नाकेदारानं तर एकाचं जाळंही जप्त करून नेलं. ढिवर याच्या दाराशी गेले, त्याच्या दाराशी गेले. जो तो म्हणे, "आमच्या हातात नाई गा." आणि तेही खरंच होतं. ज्यानं बंद केलं नाही तो उघडणार कसं?

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. ढिवरांतली चार घरं कापणीच्या मजुरीवर तगली, बाकीची एकेक करून वैनगंगेच्या काठी आपल्या नातेवाइकांकडं निघून गेली. नदीवर कोणाची मुनादी चालत नव्हती. कुंताबाई सर्वांत शेवटी गेली. वडशाकडच्या कोणा माणसाला तिनं डोंगा विकला. नवऱ्यानं मोहाच्या खोडातून कोरलेला डोंगा. तो बैलगाडीवर चढवताना तिनं मदतीला हात लावला, म्हणतात. इस्तारीला तिनं सांगितलं नाही. एका संध्याकाळी तो पाळीवरून निघाला, नेहमीसारखा पाऊल हळू केलं, आणि खालून हाक आली नाही. दाराला काटक्यांचं झापड बांधलेलं होतं.

तो तरी तिथं बसला. दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशी बसला. घरी जाऊन करायचं काय? कण्या शिजवायच्या आणि भिंतीकडं बघत खायच्या. कित्येक दिवस असे गेले की मुनादीशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. एकदा तर आपलाच आवाज तपासून बघायला तो घरात एकटा बोलला, "बस जराशीक," आणि मग त्याला रडू कोसळलं. म्हातारा माणूस डफड्यावर डोकं टेकून रडला.

पुसाच्या अखेरीला पाटलांच्या कागदांची पिशवी घेऊन तो तहसिलीत गेला. पिशवी दिली आणि तिथंच घुटमळत राहिला. शेवटी धीर करून कारकुनाला म्हणाला, "साहेब, कोसमटोल्याचा तलाव कधी खुला करान?"

"बंद कोणी केला?" कारकून म्हणाला.

"तुमीच ना."

"आम्ही? काय डोकं-बिकं फिरलं का तुझं?" तरीही बिचाऱ्यानं आतल्या साहेबाला विचारलं, बाजूच्या खोलीत विचारलं. असा हुकूम निघालाच नव्हता. परतताना इस्तारी वाट वाकडी करून नाक्यावर गेला, तिथंही नाही. गावात येऊन पाटलांना विचारलं, तर तेही नाही म्हणाले. मग तो रस्त्यातल्या एका दगडावर बसला आणि उलटा उलटा आठवत गेला. छत्री नव्हती. पंप नव्हता. कांब नव्हती. टोकाला खिळा असलेली तुतारी होती.

तिथं त्याला सगळं दिसलं, अगदी लख्ख. सोमाजी लबाड, हे तर झालंच. पण सोमाजीच कशाला, गावात हातात काठी नाही असा माणूस कोण? गुरं राखणारा पोरगाही उद्या काठी टेकवील आणि सरकार होईल. दार उघडंच होतं, आणि त्या दाराशी बसून आपण राखण करतो असं समजत होतो आपण! दिवाणजीला आपला विटाळ नको होता, एवढ्यासाठी निघालेली रीत. तिला आपण धर्म समजलो. इस्तारीला स्वतःचीच किळस आली.

तो सोमाजीच्या खळ्यावर गेला. सोमाजी धान उफणत होता.

"सोमाजीभाऊ, तलावाचा निरोप कोणाचा होता?"

सोमाजीचा सूप धरलेला हात थांबला. मग तो उसळून म्हणाला, "मले काऊन विचारून राह्यला? मी कुठी म्हटलं सरकारचा हुकूम हाय म्हणून? मी काठी टेकवली. सरकार तू म्हटलं!"

आणि यातलं अक्षरही खोटं नव्हतं. इस्तारी तसाच परतला.

दुसऱ्या दिवशी बाजाराची गर्दी असताना चौकात डफडं वाजलं. कोणी निरोप दिलेला नसताना इस्तारीनं आयुष्यात पहिल्यांदा मुनादी दिली. "ऐका होऽ! तलावाचा हुकूम हुकूम नोहता. सोमाजीनं तुतारी टेकवली, इस्तारी कोतवालानं न विचारता डफडं वाजवलं. तलाव खुला हाय. अन् आजपासून काठी चालणार नाई. ज्याचा निरोप त्यानं आपलं नाव सांगाचं, अन् मुनादीत ते नाव येईन. नाव नाई, तर मुनादी नाई!"

गावात एकच कालवा झाला. इवायांची आणि मरळीची गोष्ट गावभर फुटली, आणि सोमाजी चार दिवस तोंड लपवून फिरला. गुणवंतराव पाटील तर लालेलाल झाले. "कोतवाल मले नाव विचारणार? तुले माहं नाव माईत नाई?"

"माईत हाय मालक," इस्तारी हात जोडून म्हणाला. "पण लोकायले सांगा लागते ना, तुमी म्हटलं म्हणून. नाव नसन सांगाचं, तर हे डफडं घ्या अन् तुमीच ओरडा."

पाटलांनी त्याला कोतवालकीवरून काढायची धमकी दिली. पण खोट्या हुकमापायी गावाची शोभा झाली होती आणि तहसिलीतला कारकून सगळ्यांना हसून सांगत होता. पाटलांनी शेवटी नाव सांगितलं. मग पटवाऱ्यानं सांगितलं. लसवाल्यानं पंप सायकलला लावून टाकला आणि ओरडूनच नाव सांगितलं. एक गंमत मात्र झाली. नाव द्यायचं म्हटल्यावर निम्मे निरोप आपोआप बंद पडले. उगाच कोणाला धाक दाखवायचा, कोणाची वाट अडवायची, असले निरोप घेऊन कोणी फिरकेना. आणि इस्तारीकडं येणारी-जाणारी जी काय थोडी माणसं होती, तीही कमी झाली.

ढिवरांतली काही घरं परत आली. झापडं निघाली, पाळीखाली धूर दिसू लागला. कुंताबाईचं झापड तसंच होतं.

फाल्गुनात इस्तारीनं डफडं खुंटीला टांगलं आणि नदीकाठी गेला. कोतवाल म्हणून नाही. डोक्याला धुतलेला पटका बांधून, मंगलीकडं जातो तसा. वैनगंगेच्या वाळूवर ढिवरांच्या नव्या झोपड्या होत्या. कुंताबाई एका झोपडीपुढं भाच्याचं फाटकं जाळं सांधत बसली होती. वाळली होती. तिनं मान वर केली, त्याला पाहिलं, आणि बसायला जागा दाखवली.

त्यानं सगळं सांगितलं. सोमाजीचं, इवायांचं, मरळीचं. मरळीचं ऐकून ती हसली, अगदी पूर्वीसारखी, आणि इस्तारीचा जीव भांड्यात पडला.

"तलाव खुला झाला, बाई," तो म्हणाला. "आता कोणी असं करू शकत नाई. मी बंदोबस्त केला. डोंगा नाई तं नाई, दुसरा कोरू. मी मोह तोडून देतो. चल वापस."

तिनं जाळ्याचा धागा दातानं तोडला.

"सोमाजीवर माहा राग नाई," ती म्हणाली. "त्याले मासा पायजे होता. नाकेदारावर बी नाई. तो सरकारी माणूस. मी तुले विचारलं होतं, इस्तारी. सरकारले नोहतं विचारलं."

इस्तारीनं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"तू एवढं म्हटलं असतं ना, का बाई, मले माईत नाई, तरी मी रायली असती. कण्या खाऊन रायली असती तिथी. गावात आपलं कोणीतरी हाय, असं समजून रायली असती."

तिनं उठून आत जाऊन भात आणि माशाचं कालवण आणलं. या वेळी पान वरून सोडलं नाही, त्याच्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं. "जेव," ती म्हणाली. "दूर जाचं हाय तुले."

त्यानं मान खाली घालून सगळं खाल्लं, पान नदीत सोडलं, हात धुतले. ती पुन्हा जाळ्याकडं वळली होती. ती येणार नव्हती. 'येतो बाई' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण एवढा मोठा त्याचा आवाज, तो काही निघाला नाही, आणि तो तसाच वाळूतून चालू लागला.